डेव्हिल रे

डेव्हिल रे : उपास्थिमत्स्यांच्या मोब्युलिडी कुलातील, पाकटांचे आप्त असलेले मासे. उष्ण व समशीतोष्ण महासागरांत ते आढळतात. डोक्याच्या पुढील दोन पर शिंगांसारखे दिसतात म्हणून खलाशांनी त्यांना सैतानाचे नाव दिले. ‘मँटा’ हा स्पॅनिश शब्द असून त्याचा अर्थ घोंगडी असा आहे. हा मासा आपणास वेढून मारील, अशी मोती काढणाऱ्या पाणबुड्यांची समजूत होती. वस्तुतः तो मुख्यतः प्लवकांवर जगतो व ‘शिंगांनी’ पाणी तोंडाकडे वळवितो.

राफिनेस्क यांनी १८१० मध्ये मोब्युला, तर बँक्रॉफ्ट यांनी १८२९ मध्ये मँटा ही प्रजाती स्थापिली. २००९ मध्ये मँटाच्या दोन जाती वेगळ्या ओळखण्यात आल्या. २०१७ मध्ये आनुवंशिक पुराव्यावरून मँटाचा समावेश मोब्युलात करण्यात आला.

मादीला सुमारे वर्षभराच्या गर्भावधीनंतर बहुधा एकच पिलू होते. त्यामुळे चिनी औषधांसाठी कल्ल्यांतील पट्टिकांना मागणी वाढताच यांची संख्या झपाट्याने घटली. वन्य जातींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात २०१३ मध्ये मँटांचा व २०१६ मध्ये उर्वरित जातींचा समावेश झाला. माणसाला ज्याचे भय वाटे, त्यालाच माणसापासून संरक्षण द्यावे लागले.