नाव लिहावे की खूण?

१८९७ सालच्या पुण्यातील प्लेगची हकीकत आपल्यापैकी पुष्कळांनी घरच्या वडीलधाऱ्यांकडून ऐकली असेल. रोगी हुडकण्यासाठी गोरे सोजीर घराघरांत शिरले आणि लोकांनी आपली आजारी माणसे लपविली. साथीची नोंद हवी, हे खरे. परंतु नोंदीचीच धास्ती बसली म्हणजे रोगी दडतो आणि रोग मोकळा फिरतो. हे ध्यानात ठेवून आम्ही आज एका अलीकडच्या नोंदवहीचा इतिहास सांगणार आहोत. नोंदवही एचआयव्हीच्या नव्या लागणीची, देश अमेरिका.

५ जून १९८१ रोजी तेथील सरकारी साप्ताहिक आरोग्यपत्रिकेत लॉस एंजेलिसच्या पाच तरुणांना झालेल्या विलक्षण न्यूमोनियाचे वृत्त आले. पुढे या रोगास एड्स हे नाव मिळाले व राज्याराज्यांतून त्याच्या रोग्यांची नावानिशी नोंद होऊ लागली. परंतु एड्स ही दुखण्याची अखेरची पायरी. औषध न मिळाल्यास लागण झाल्यापासून तेथवर येण्यास बहुधा आठ-दहा वर्षे लागतात. तेव्हा एड्सच्या रोग्यांवरून यंदाची लागण ठरविणे म्हणजे चौथी पास झालेल्या मुलांवरून गावात यंदा किती जन्म झाले हे सांगण्यासारखेच होते.

१९८५ मध्ये रक्ताची तपासणी उपलब्ध झाली. त्याच वर्षी कोलोरॅडो राज्याने लागण झालेल्यांची नावे कळविण्याचा नियम केला. यावर मोठा वाद माजला. नाव फुटले तर नोकरी जाईल, घरमालक बाहेर काढील, विमा मिळणार नाही. आणि उपचार तर त्या वेळी हाती नव्हताच. मग माणसाने तपासणीस यावे तरी कशासाठी? हा प्रश्न पोकळ नव्हता.

मेरीलँडने १९९४ मध्ये मधली वाट काढली. नावाऐवजी खूण. जन्मतारीख, वंश, स्त्री की पुरुष, आणि सरकारी ओळखक्रमांकाचे शेवटचे चार आकडे, यांची मिळून ती खूण बने. युक्ती चांगली, परंतु आकडे अपुरे येत, आणि रोग्याची पुढील विचारपूस करणे अवघड जाई. टेक्साससही हाच अनुभव आला व त्याने १९९९ मध्ये खूण सोडून नाव पत्करले.

दरम्यान १९९६ च्या सुमारास परिणामकारक औषधयोजना आली आणि वादाचे स्वरूप पालटले. नोंद झालेल्यास आता देण्यासारखे काही होते. शिवाय औषधांमुळे एड्सचे रोगी घटले, म्हणून जुनी मोजणी अगदीच निरुपयोगी ठरली. २००८ पर्यंत सर्व राज्यांत नावानिशी नोंद सुरू झाली. मात्र नावे राज्यातच राहतात. केंद्रीय कचेरीकडे जातात ते बिननावाचे तपशील.

तरीही एक गाठ उरली. लागण केव्हा कळली हे वही सांगते. केव्हा झाली हे सांगत नाही. यावर १९९८ मध्ये एक तोड निघाली. एकाच रक्तावर दोन तपासण्या करावयाच्या, एक तीक्ष्ण व दुसरी मुद्दाम बोथट. तीक्ष्ण तपासणीत सापडले, पण बोथटीत नाही, तर लागण ताजी. याच तत्त्वावर २००६ सालच्या नव्या लागणीचा आकडा २००८ मध्ये ५६,३०० असा जाहीर झाला. पूर्वी तो ४०,००० च्या आसपास धरीत. वाचकास वाटावे, साथ भडकली! वास्तविक साथ नव्हे, मोजपट्टी बदलली होती.

आपल्याकडेही असेच झाले, पण उलट दिशेने. निवडक दवाखान्यांतील बिननावी नमुन्यांवरून देशात सुमारे ५२ लक्ष लागण झालेले लोक मानले जात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १ लाखाहून अधिक लोकांचे रक्त तपासले गेले व २००७ मध्ये तो अंदाज २५ लक्षांवर आला. दवाखान्यातले प्रमाण साऱ्या समाजाला लावल्याने आकडा फुगला होता.

आमच्या मते या इतिहासाचा निष्कर्ष 'नाव' असाही नाही आणि 'खूण' असाही नाही. वही कोणाच्या हाती राहणार, ती कशासाठी उघडणार, आणि नोंद झालेल्याच्या पदरात काय पडणार, ही तीन उत्तरे आधी द्यावी लागतात. २०१७ च्या आपल्या कायद्याने संमती व गुप्तता यांस आधार दिला आहे. तो कागदावरून दवाखान्याच्या खिडकीपर्यंत पोहोचविणे हे मात्र आपणा सर्वांचे काम आहे. नाहीतर १८९७ प्रमाणे माणसे पुन्हा दडतील.