काडीचा नियम आणि चकतीचा रेणू

जालन्याच्या मोंढ्यात मुनिमाच्या कॅल्क्युलेटरवर उमटणारे काळे आकडे आपण रोज पाहतो. त्यामागचा पदार्थ म्हणजे द्रव स्फटिक. तो द्रवासारखा वाहतो, पण त्याचे रेणू स्फटिकातल्याप्रमाणे काहीशी शिस्त पाळतात. ही शिस्त येते कुठून? या प्रश्नाच्या इतिहासात नागपूर विद्यापीठाच्या एका विद्यार्थ्याचे स्थान मोठे आहे.

१८८८ मध्ये प्राग येथील वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रीड्रिश रायनित्झर यांना एक पदार्थ जणू दोनदा वितळताना दिसला. १४५.५ अंश सेल्सिअसला त्याचा गढूळ द्रव झाला आणि १७८.५ अंशांना तो द्रव निवळला. पुढे जर्मनीतील हाले येथे डॅनिएल फोरलेंडर यांनी असे अनेक पदार्थ तयार केले आणि नियम मांडला : रेणू लांब आणि सरळ हवा. काड्यापेटीतल्या काड्या जशा एका दिशेने लागतात, तसेच हे.

याच वाटेने १९७३ मध्ये इंग्लंडमधील हल विद्यापीठात जॉर्ज ग्रे यांनी पडद्यांसाठी टिकाऊ रेणू घडवला. दोन बेंझीन कड्यांचा ताठ कणा, एका टोकाला सायनो गट, दुसऱ्या टोकाला पाच कार्बनांची लवचीक शेपटी. कणा रांग धरतो, शेपटी लवकर गोठू देत नाही आणि सायनो गटामुळे रेणू विजेच्या क्षेत्रात वळतो. सुमारे २४ ते ३५ अंशांत, म्हणजे खोलीच्या तापमानाला, तो द्रव स्फटिक राहतो.

पण काडीच हवी का? शिवरामकृष्ण चंद्रशेखर १९५१ मध्ये नागपूर विद्यापीठातून भौतिकशास्त्रात एम.एस्सी.ला पहिले आले आणि मामा सी. व्ही. रामन यांच्याकडे बंगळुरूला संशोधनास गेले. तारकांचे अभ्यासक, नोबेल विजेते चंद्रशेखर ते हे नव्हेत. १९७१ मध्ये त्यांनी रामन संशोधन संस्थेत द्रव स्फटिकांची प्रयोगशाळा उभी केली. १९७७ मध्ये बी. के. सदाशिव आणि के. ए. सुरेश यांच्यासह त्यांनी चपटे रेणू तपासले : मध्यभागी बेंझीनचे कडे, भोवती सहा लवचीक साखळ्या. दुरडीत भाकरीवर भाकरी ठेवावी तसे हे रेणू एकावर एक बसून खांब तयार करतात. खांब षट्कोनी मांडणीत ओळीने उभे, पण खांबातल्या चकत्यांमधले अंतर मात्र द्रवासारखे अनियमित. शुद्ध पदार्थात चकतीच्या आकाराच्या रेणूंचा द्रव स्फटिक असतो, हे यातून सिद्ध झाले. शोधनिबंध छापला ‘प्रमाण’ या भारतीय नियतकालिकाने.

फोरलेंडरांचा नियम खोटा नव्हता, अपुरा होता. रेणू सर्व बाजूंनी सारखा नसावा आणि ताठ गाभ्याला लवचीक साखळ्यांची जोड असावी, हे खरे सूत्र. पुढे जपानमध्ये चकतीच्या रेणूंची पातळ फिल्म बनली आणि पडदा बाजूनेही नीट दिसू लागला.

चंद्रशेखर २००४ मध्ये गेले. परदेशी पाठ्यपुस्तके त्यांचा शोध शिकवतात. आपल्या विद्यापीठांतही तो शिकवताना नागपूरचे नाव घेतले जावे, एवढीच अपेक्षा.