ऑक्सिजन सेन्सरमधील विद्युत बिघाड

ऑक्सिजन सेन्सर (लॅम्डा सेन्सर) हे वाहनाच्या सायलेन्सर नळीत बसवलेले, धुरातील ऑक्सिजनचे प्रमाण ओळखणारे उपकरण आहे. त्याच्या संकेतानुसार इंजिनाचा संगणक (ईसीयू) इंधनाचे प्रमाण ठरवतो. बॉश कंपनीचा असा सेन्सर १९७६ मध्ये व्होल्वो मोटारींत प्रथम वापरात आला. त्यात विद्युत बिघाड झाल्यास इंजिनाचा इशारादिवा लागतो, इंधन जास्त जळते आणि कालांतराने कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी होऊ शकतो.

रचना

पेट्रोल व सीएनजी पिकअपमध्ये प्रामुख्याने झिर्कोनियाचा, चार तारांचा सेन्सर आढळतो. दोन तारा हीटरच्या, एक संकेताची व एक अर्थिंगची असते. सुमारे ३०० अंश सेल्सिअसच्या पुढेच सेन्सर नीट काम करतो. म्हणून हीटर आवश्यक असतो.

कारणे

तापलेल्या नळीला टेकून वितळलेली तार, उडालेला फ्यूज, तुटलेला हीटर आणि गंजलेला कनेक्टर ही प्रमुख कारणे होत. मीरा-भाईंदरसारख्या समुद्र, वसईची खाडी व मिठागरे यांनी वेढलेल्या भागात खारी हवा आणि पावसाळ्यात रस्त्यावर साचणारे पाणी यांमुळे गंज लवकर चढतो. मासळी वाहणाऱ्या वाहनांत बर्फाचे खारे पाणी गळून त्यात भर पडू शकते.

तपासणी

स्कॅनरवरील संकेतांक सदोष परिपथ दर्शवतो, सदोष भाग नव्हे. उदाहरणार्थ, 'पी०१३५' हा पहिल्या सेन्सरच्या हीटर परिपथाचा दोष आहे. तो फ्यूजमुळेही उद्भवतो. त्यामुळे सेन्सर बदलण्यापूर्वी पुढील क्रम पाळतात :

१. फ्यूज, तारा व कनेक्टर पाहणे.
२. इंजिन चालू असताना हीटरच्या पुरवठा तारेत बॅटरीइतका दाब येतो का, हे मल्टिमीटरने पाहणे.
३. सेन्सर थंड असताना, कनेक्टर सोडवून हीटरचा रोध मोजणे. तो सामान्यतः काही ओहम असतो. अनंत रोध म्हणजे हीटर तुटलेला.
४. इंजिन तापल्यावर पुढील सेन्सरचा संकेत पाहणे. तो सुमारे ०.१ ते ०.९ व्होल्टदरम्यान सतत हलला पाहिजे. कन्व्हर्टरमागील सेन्सरचा संकेत मात्र बराचसा स्थिर असतो.

संकेत सतत कमी राहिल्यास तार अर्थिंगला लागलेली असू शकते. परंतु नळीतील गळतीनेही तसेच घडते.

दुरुस्ती

अनेक सेन्सरांत संदर्भ हवा तारांच्या आतून पोहोचते. त्यामुळे त्या तारांना डाग देणे किंवा कनेक्टरमध्ये ग्रीस भरणे टाळतात. गंजलेला कनेक्टर बदलून संकेतांक पुसल्यावर वाहन चालवून पुन्हा तपासणी करतात.