वसतिगृहात राहताना : नियम, हक्क आणि जबाबदाऱ्या

बारावीचा निकाल लागतो, प्रवेशफेऱ्या आटोपतात आणि आपल्या धर्मग्रामांतील अनेक घरांत बॅगा भरण्याची लगबग सुरू होते. वसईहून मुंबईला रोज लोकलने ये-जा करणारे विद्यार्थी पुष्कळ आहेत. परंतु अभियांत्रिकी, वैद्यकीय, परिचर्या किंवा कृषी शिक्षणासाठी पुणे, नाशिक, कोल्हापूर, नागपूर अशा शहरी जाणाऱ्यांना वसतिगृहाचाच आधार असतो. डहाणू-तलासरीकडील पाड्यांवरच्या मुलामुलींची स्थिती तर आणखी वेगळी आहे. वसतिगृहात जागा मिळाली तर शिक्षण, नाही तर शेतावर परत, असा त्यांचा हिशेब असतो. म्हणूनच वसतिगृहाच्या नियमांचा विचार गांभीर्याने व्हावा, असे आम्हांस वाटते.

आमच्या परिचयातील एका विद्यार्थ्याचा अनुभव येथे सांगण्याजोगा आहे. मुलाखतीसाठी शहरात आलेल्या मावसभावाला त्याने एका रात्रीसाठी आपल्या खोलीत झोपू दिले. आपल्याकडे पाहुण्याला दारातून परत पाठवणे शोभत नाही, एवढाच त्यामागे भाव होता. रात्रीच्या तपासणीत ही गोष्ट उघड झाली आणि उरलेल्या सत्रासाठी त्याची जागा रद्द झाली. वडील धावत गेले. रेक्टरांनी त्यांच्यापुढे प्रवेश अर्ज ठेवला. परवानगीवाचून पाहुणा ठेवल्यास प्रवेश रद्द होईल, हे वाक्य त्यात छापलेले होते आणि खाली मुलाची व वडिलांची सही होती. दोघांपैकी कोणीही ते वाचले नव्हते. परीक्षेच्या तोंडावर त्या मुलाला शहरात खोली शोधत हिंडावे लागले.

वसतिगृहांची परंपरा

महाराष्ट्रात गोरगरिबांच्या शिक्षणाचा इतिहास हा बऱ्याच अंशी वसतिगृहांचा इतिहास आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या काळात १९०१ साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले आणि पुढे त्या नगरीत विविध समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभी राहिली. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ साली साताऱ्यात छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस स्थापन केले. तेथे निरनिराळ्या जातिधर्मांची मुले एकत्र राहत आणि एकत्र जेवत. एका छपराखाली परक्यांसोबत राहण्यास शिकणे हा शिक्षणाचाच भाग आहे, हा विचार त्यामागे होता. नियमांचे मूळही तेथेच आहे. शंभर जणांना एकत्र नांदायचे असेल तर काही गोष्टी ठरवून घ्याव्या लागतात.

खोली आपली, परंतु भाडेकरूचा हक्क नव्हे

बहुतेकांचा पहिला गैरसमज येथेच होतो. ‘आम्ही पैसे भरले, तेव्हा खोली आमची’ असे विद्यार्थी समजतात. वास्तविक वसतिगृहातील जागा ही राहण्याची परवानगी असते. भाडेकरार आणि अशी परवानगी यांत कायदा भेद करतो. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार कायद्यात परवानगीची ही कल्पना सांगितली आहे. दुसऱ्याच्या मिळकतीचा वापर करण्याची मुभा मिळते, परंतु मिळकतीत हितसंबंध निर्माण होत नाही.

व्यवहारात याचे अर्थ असे होतात : जागा साधारणपणे एका शैक्षणिक वर्षापुरती मिळते व पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करावा लागतो. व्यवस्थापन खोली बदलून देऊ शकते. खोलीची तपासणी होऊ शकते. उन्हाळी सुटीत खोली रिकामी करण्यास सांगितले जाते. आपली जागा परस्पर दुसऱ्यास देता येत नाही. आणि नियमभंग झाल्यास परवानगी मागे घेतली जाऊ शकते.

प्रवेशाच्या दिवशी काय करावे

सही करण्यापूर्वी नियमपुस्तिका पूर्ण वाचावी. इंग्रजी समजत नसेल तर पालकांनी मुलाकडून वा जाणत्या व्यक्तीकडून ती समजून घ्यावी आणि तिची एक प्रत घरी ठेवावी. पुढील गोष्टी विशेष पाहाव्यात : मुख्य दार किती वाजता बंद होते, रात्रीची हजेरी केव्हा होते, घरी जाण्यासाठी रजेचा अर्ज किती दिवस आधी द्यावा लागतो, पाहुण्यांना कोठवर प्रवेश आहे, मेसचे पैसे सक्तीचे आहेत काय, आणि वर्षाच्या मध्यात जागा सोडल्यास किती रक्कम परत मिळते.

खोलीचा ताबा घेताना कॉट, गादी, टेबल, खुर्ची, कपाट, पंखा, दिवे यांच्या यादीवर सही घेतली जाते. मोडकी खुर्ची किंवा फुटलेली काच असेल, तर ती त्याच वेळी यादीत लिहून घ्यावी आणि मोबाइलवर छायाचित्र काढून ठेवावे. अन्यथा वर्षअखेरीस त्याची भरपाई अनामत रकमेतून वळती होते. प्रत्येक रकमेची पावती घ्यावी आणि अनामत रकमेची पावती तर जागा सोडेपर्यंत सांभाळून ठेवावी.

मूळ प्रमाणपत्रे वसतिगृहात वा महाविद्यालयात ठेवून घेण्याची प्रथा काही ठिकाणी होती. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली काढलेल्या अधिसूचनेनुसार उच्च शिक्षण संस्थांनी मूळ कागदपत्रे पडताळून विद्यार्थ्यास परत करावयाची आहेत. त्याच अधिसूचनेत, विद्यार्थ्याने प्रवेश रद्द केल्यास शुल्क कोणत्या मुदतीत किती परत करावे याचे टप्पे दिले असून अनामत रक्कम शुल्कात धरलेली नाही. म्हणजे मुदत उलटल्याने शुल्क बुडाले तरी अनामत रक्कम त्याबरोबर बुडत नाही.

नियमांची कारणे

काही नियम जाचक वाटतात, परंतु त्यांचे कारण कळले की ते पाळणे सोपे जाते. खोलीत शेगडी, इस्त्री किंवा पाणी तापवण्याची कॉइल वापरू नये, हा नियम जवळपास सर्वत्र असतो. एका खोलीसाठी टाकलेली वायर पंखा, दिवा व चार्जर यांचा भार सोसते. तीवर दोन हजार वॅटची शेगडी लावली तर वायर तापते आणि आगीचा धोका निर्माण होतो. रात्रीची हजेरी केवळ शिस्तीसाठी नसते. आग लागली किंवा कोणी आजारी पडले तर आत किती जण आहेत, हे रेक्टरांना ठाऊक असावे लागते. पाहुण्यांची नोंदही त्याचसाठी असते.

जे नियम अडचणीचे ठरतात, त्यांत लेखी परवानगीचा मार्ग बहुधा खुला असतो. नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सेला जायचे असेल, तर दार बंद झाल्यावर पहारेकऱ्याशी हुज्जत घालण्याऐवजी आठवडाभर आधी अर्ज द्यावा. सोबत जाणाऱ्यांची नावे व परतण्याची वेळ लिहावी. उपवासकाळातील शुक्रवारी मांसाहार नको असल्यास मेस समितीला आगाऊ कळवावे. सांगितल्याखेरीज आपली गरज इतरांना कळत नाही.

रूम पार्टनरशी पहिल्याच आठवड्यात चार गोष्टी बोलून घ्याव्यात : दिवा किती वाजता मालवायचा, मोबाइलवर मोठ्याने केव्हा बोलायचे नाही, झाडलोट कोणी व केव्हा करायची, एकमेकांच्या वस्तू विचारल्याशिवाय वापरायच्या की नाहीत. अनेक भांडणे याच क्षुल्लक गोष्टींवरून पेटतात.

नियमांनाही मर्यादा आहेत

विद्यार्थी नियमांना बांधील असतो, तशीच संस्थाही कायद्याला बांधील असते. २०१९ सालची एक घटना येथे लक्षात घेण्यासारखी आहे. केरळमधील कोझिकोड जिल्ह्यातील एका महाविद्यालयाच्या मुलींच्या वसतिगृहात ठरावीक तासांत मोबाइल वापरण्यास बंदी होती. एका विद्यार्थिनीने ती मानण्यास नकार दिला, तेव्हा तिला वसतिगृहातून काढण्यात आले. ती उच्च न्यायालयात गेली. १९ सप्टेंबर २०१९ रोजी केरळ उच्च न्यायालयाने निर्णय दिला, की इंटरनेटचा वापर हा शिक्षणाच्या व खासगीपणाच्या हक्काचा भाग आहे. तिला परत वसतिगृहात घेण्याचा आदेशही दिला. शिस्त लावण्याचा अधिकार न्यायालयाने नाकारला नाही. ती शिस्त वाजवी असावी, एवढेच सांगितले.

मुली आणि मुलगे यांच्यासाठी वेगवेगळे नियम असावेत काय, हा वादही जुना आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या लैंगिक छळ प्रतिबंधक विनियमांत म्हटले आहे, की सुरक्षिततेचे कारण पुढे करून विद्यार्थिनींच्या वसतिगृहांवर मुलांपेक्षा वेगळे, भेदभावाचे नियम लादू नयेत. आपल्या समाजातील अनेक पालकांना मुलींसाठी कडक नियम हवेसे वाटतात. त्यांची काळजी आम्ही समजू शकतो. परंतु दार लवकर बंद केल्याने सुरक्षितता आपोआप येत नाही. उजेडाचा रस्ता, जागा पहारेकरी आणि तक्रार ऐकणारी रेक्टर यांनी ती येते. वसतिगृह पाहण्यास गेलेल्या पालकांनी याही गोष्टी पाहून घ्याव्यात.

रॅगिंगबाबत मौन नको

महाराष्ट्रात १९९९ सालापासून रॅगिंगविरोधी कायदा आहे. त्यानुसार रॅगिंग करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास व दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. दोषी ठरलेल्या विद्यार्थ्यास संस्थेतून काढले जाते आणि पाच वर्षे अन्य संस्थेत प्रवेश मिळत नाही. तक्रार आल्यास संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करावयाची असते.

विद्यापीठ अनुदान आयोगाचे विनियम २००९ साली लागू झाले. नव्या विद्यार्थ्यांना शक्यतो स्वतंत्र इमारतीत वा विभागात ठेवावे, ते शक्य नसल्यास तेथे ज्येष्ठांच्या ये-जा करण्यावर देखरेख ठेवावी आणि रॅगिंगविरोधी पथकाने अचानक भेटी द्याव्यात, असे त्यांत सांगितले आहे. प्रवेशाच्या वेळी विद्यार्थी व पालक दोघांकडून हमी घेतली जाते, ती यासाठीच. २०१६ च्या दुरुस्तीनुसार धर्म, जात, भाषा, वर्ण, प्रांत किंवा आर्थिक स्थिती यांवरून केलेला शारीरिक वा मानसिक छळही रॅगिंगमध्ये मोडतो. ‘गंमत केली’ हा बचाव ठरत नाही. देशभरासाठी १८००-१८०-५५२२ ही मोफत मदतवाहिनी चोवीस तास उपलब्ध आहे. हा क्रमांक मुलाच्या आणि आईवडिलांच्याही मोबाइलमध्ये असावा.

जागा न मिळाल्यास

सर्वांना वसतिगृह मिळतेच असे नाही. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम योजना आहे. तीत भोजन व निवासाच्या खर्चाची रक्कम थेट बँक खात्यात जमा होते. अनुसूचित जमातीचा दर्जा धर्मावर अवलंबून नाही. त्यामुळे आपल्या धर्मग्रामांतील वारली व अन्य आदिवासी कुटुंबांनी याची अवश्य चौकशी करावी. व्यावसायिक अभ्यासक्रमांना असलेल्या अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या व नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाने वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. अर्जाची मुदत आणि अटी महाविद्यालयाच्या कार्यालयात वेळीच विचाराव्यात.

खासगी खोली घ्यावी लागल्यास करार लेखी असावा. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानुसार असा करार लेखी व नोंदणीकृत असणे आवश्यक आहे आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. तोंडी बोलीवर मोठी अनामत रक्कम देऊ नये.

पालकांना विनंती

तक्रार करायची तर ती लेखी करावी, तारीख घालावी आणि पोचपावती घ्यावी. प्रथम रेक्टर, मग प्राचार्य, त्यानंतर संस्थेची विद्यार्थी तक्रार निवारण समिती, असा क्रम ठेवावा. छळाच्या बाबतीत मात्र क्रमाची वाट न पाहता मदतवाहिनीला वा पोलिसांना त्वरित कळवावे.

आणखी एक गोष्ट. पहिले दोन-तीन महिने मुलाला घराची आठवण छळते. हा काळ बहुधा सरतो. परंतु नेहमी बोलणारे मूल फोनवर गप्प राहू लागले, सुटी नसताना घरी येऊ लागले, पुन्हा जायला टाळाटाळ करू लागले, तर ‘अभ्यासाचा कंटाळा आला असेल’ असे म्हणून सोडून देऊ नये. एक दिवस काम बुडवून वसतिगृहात जावे, त्याची खोली पाहावी, त्याच्या रूम पार्टनरला भेटावे, रेक्टरांशी बोलावे. आपल्याला विचारणारे कोणी आहे, एवढे कळले तरी मुलाला धीर येतो.

वर उल्लेख केलेल्या मुलाने पुढे शिक्षण पूर्ण केले. त्याच्या धाकट्या बहिणीला परिचर्या महाविद्यालयात प्रवेश मिळाला, तेव्हा वसतिगृहाचा अर्ज घेऊन तो स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसला आणि आईवडिलांना त्यातील प्रत्येक नियम त्याने मोठ्याने वाचून दाखवला. त्यानंतरच वडिलांनी सही केली. येत्या प्रवेशाच्या दिवसांत आपल्याही घरी असेच व्हावे, एवढीच आमची इच्छा.