मोठी आजी खाणीत उतरली होती



"आपल्या इकडं लढाई आलीच नाही," हे वाक्य पांढुर्णा-सौंसरच्या घरांमध्ये मी लहानपणापासून ऐकत आलो. दुसऱ्या महायुद्धाचं विचारलं की बुढी माणसं कंट्रोलचं कापड, रॉकेलची टंचाई अन् महागाई सांगायची, तेवढंच. मलाही तेच खरं वाटे. मग एकदा आजीनं तिच्या मोठ्या बहिणीचं सांगितलं.

ही मोठी आजी परासियाकडे दिलेली. सौंसरहून सिल्लेवानीचा घाट चढून छिंदवाडा, अन् त्याच्या पुढं पेंच खोऱ्यातल्या कोळशाच्या खाणी. तेव्हा पांढुर्णा जिल्हा नव्हता, तो 2023 चा. आपण सगळे छिंदवाडा जिल्ह्यातले आणि राजधानी नागपूर.

आजी म्हणे, "लढाईत बायका खाली गेल्या, लढाई सरल्यावर वर आल्या." मला वाटलं, म्हातारपणाचं काहीतरी बोलते. पण हे अक्षरशः खरं आहे.

बायकांना खाणीत जमिनीखाली कामाला लावायचं नाही, असा नियम 1929 मध्ये झाला होता आणि 1937 पर्यंत टप्प्याटप्प्यानं बायका पूर्ण वर आल्या. पुढं युद्ध लागलं. विमानतळ, रस्ते अशी लष्करी कामं जागोजागी निघाली. तिथं मजुरी बरी, म्हणून खाणीतले मजूर तिकडे गेले. कोळसा कमी पडू लागला, अन् कोळशाशिवाय ना रेल्वे चालणार ना कारखाने. मग ऑगस्ट 1943 मध्ये सरकारनं बंदी उठवली, आणि तीही सगळ्यात आधी आपल्या मध्य प्रांतात. बंगाल-बिहारचा नंबर नंतर लागला.

आता थोडं अवघड. तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होतं. अखिल भारतीय महिला परिषदेनं विरोध केला. फेब्रुवारी 1944 मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात बाबासाहेबांना या निर्णयाची बाजू मांडावी लागली. ही आणीबाणीची सोय आहे, कायमची नाही, असं त्यांनी सांगितलं; आणि त्याच कामाला बाईला पुरुषाइतकीच मजुरी, हेही ठासून मांडलं. निर्णय बरोबर की चूक, यावर घरोघरी वाद होईल. मला स्वतःला तो पटत नाही. पण समान मजुरीची गोष्ट वाचली तेव्हा आजीचं दुसरं वाक्य आठवलं: "बाईला माणसाइतकाच रोज मिळे, तो पुन्हा कधी मिळाला नाही."

मोठी आजी डोक्यावर टोपली घेऊन कोळसा वाहायची. खाली अंधार, पायात पाणी. लहान पोर वर जावेजवळ. 1 फेब्रुवारी 1946 ला बंदी परत लागू झाली अन् ती वर आली. पुढं माहेरी आली की आई तिला दटावायची, "खाणीचं इथं बोलू नको, घरात पोरींच्या सोयरिकी व्हायच्या आहेत." म्हणून ती बोललीच नाही. आमच्या वडिलांनाही ठाऊक नव्हतं.

सौंसरच्या मँगनीजचं वेगळंच आहे. भूगर्भशास्त्रात त्या खडकांना नावच सौंसरचं आहे. त्यावर पुढं कधी लिहीन.

तुमच्या घरची कोणी 1943 ते 46 मध्ये परासिया, पेंचकडं होती का? घरातल्या म्हाताऱ्यांना एकदा विचारून पाहा, आणि सांगितलं तर इथं लिहा. नाव नका लिहू, नातं लिहा.