पायात सतत मुंग्या येणे (गुडघ्याखाली)

पोटरी, नडगी, घोटा किंवा पावलात टोचल्यासारखे, झिणझिणल्यासारखे वाटत राहणे. मांडी घालून बराच वेळ बसल्यावर येणाऱ्या मुंग्या नसेवरचा दाब निघाला की काही मिनिटांत ओसरतात. दिवसचे दिवस टिकणाऱ्या मुंग्या हे मात्र दुसऱ्या कुठल्यातरी बिघाडाचे लक्षण असते आणि तो बिघाड कोणता, हे बरेचसे जागेवरून कळते. म्हणून मुंग्या एका पायात आहेत की दोन्ही, आणि सुरुवात नेमकी कुठून झाली, हे रुग्णाने बोट ठेवून दाखवणे फार मोलाचे ठरते.

दोन्ही पायांच्या बोटांपासून सुरू होऊन मोजा चढवावा तशा वर सरकणाऱ्या मुंग्यांचे सर्वांत नेहमीचे कारण मधुमेह. वाढलेल्या साखरेचा मारा सर्वांत लांब नसांच्या टोकांवर आधी होतो. त्रास रात्री वाढतो, पुढे बधिरपणा येतो आणि पायातली चप्पल निसटली तरी कळत नाही. अतिमद्यपान, मूत्रपिंडाचे विकार, थायरॉइडची कमतरता, कर्करोगावरील काही औषधे आणि क्षयरोगावरील आयसोनियाझिड यांमुळेही असेच होते. आयसोनियाझिडसोबत ब-६ जीवनसत्त्व देतात ते त्यासाठीच.

ब-१२ जीवनसत्त्वाच्या कमतरतेकडे आपल्याकडे विशेष लक्ष हवे. हे जीवनसत्त्व निसर्गतः प्राणिज पदार्थांतूनच मिळते. त्यामुळे शाकाहारी, त्यातही दूधदुभते कमी घेणाऱ्यांत ते कमी पडते. मधुमेहासाठी वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्यांतही त्याचे शोषण घटते. या कमतरतेत नसांबरोबर मेरुरज्जूलाही इजा होऊ शकते. तोंड धुताना डोळे मिटताच तोल जाणे ही त्याची खूण. नुसते फॉलिक अॅसिड घेतल्यास रक्तक्षय सुधारल्यासारखा दिसतो, पण नसांची हानी चालूच राहते. तपासणी न करता दुकानातून ‘ताकदीच्या’ गोळ्या आणण्यात हाच खरा धोका आहे.

मुंग्या एकाच पायात असतील तर आधी कंबर पाहावी. मणक्यांमधली गादी सरकून नसेचे मूळ दाबले गेले, की कळ नितंबापासून पोटरीपर्यंत उतरते. खोकताना, शिंकताना ती वाढते. नडगीची बाहेरची बाजू आणि पावलाचा वरचा भाग एवढ्यातच मुंग्या असतील, तर दाब गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला असू शकतो. तिथे नस हाडाला अगदी लगटून, कातडीखालूनच जाते. पायावर पाय टाकून बसण्याची सवय, घट्ट प्लॅस्टर, शेतात तासन्‌तास उकिडवे बसून केलेले काम एवढेही तिला पुरते. मग पाऊल वर उचलत नाही, चालताना बोटे जमिनीला घासतात.

याच जागी नस जाड लागली तर कुष्ठरोगाचा विचार करावाच. हा रोग महाराष्ट्रातून गेलेला नाही, आणि आता त्याची आठवणच होत नाही म्हणून निदान लांबते. अंगावर फिकट, बधिर चट्टा आहे का, हे पाहायला दोन मिनिटे पुरतात. सरकारी आरोग्यकेंद्रात उपचार मोफत असून प्रकारानुसार ६ ते १२ महिने चालतात. वेळेत सुरू झाले तर पुढचे व्यंग टळू शकते.

चालताना पोटरीत गोळे येऊन थांबल्यावर बरे वाटणे हे रक्तवाहिन्या अरुंद झाल्याचे लक्षण असते. पुढे वाकल्यावर किंवा बसल्यावर आराम पडत असेल, तर कण्यातली वाट अरुंद झाल्याची शक्यता अधिक.

तपासणीत १२८ हर्ट्‌झचा नादकाटा आणि १० ग्रॅम दाबाचा नायलॉनचा तंतू वापरून संवेदना पाहतात. जोडीला साखर, ब-१२ व थायरॉइडच्या चाचण्या, गरजेनुसार नसांच्या वहनाची चाचणी किंवा एमआरआय करतात. प्रीगॅबालिनसारखी औषधे वेदना कमी करतात, नस दुरुस्त करत नाहीत.

दोन प्रसंगी त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. मुंग्यांसोबत पायातला अशक्तपणा काही दिवसांत वर वर चढू लागला, तर तो गुलियन-बॅरे आजार असू शकतो. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात त्याचे अनेक रुग्ण आढळले होते. या आजारात श्वासाचे स्नायूही निकामी होऊ शकतात. दुसरा प्रसंग कंबरदुखीबरोबर बैठकीची जागा बधिर होऊन लघवी तुंबण्याचा; यात शस्त्रक्रियेला उशीर झाल्यास लघवी-शौचावरचा ताबा कायमचा जाऊ शकतो.