विद्यार्थी व्हिसा अर्जातील समाजमाध्यम छाननी

विद्यार्थी व्हिसा अर्जातील समाजमाध्यम छाननी म्हणजे शिक्षणासाठी परदेशी जाऊ इच्छिणाऱ्या अर्जदाराच्या फेसबुक, इन्स्टाग्राम, एक्स, लिंक्डइन आदी खात्यांची संबंधित देशाने व्हिसा देण्यापूर्वी केलेली तपासणी होय. प्रस्तुत लेखात मुख्यतः अमेरिकेच्या पद्धतीचा विचार केला आहे.

पार्श्वभूमी

३१ मे २०१९ पासून डीएस-१६० या व्हिसा अर्जात मागील पाच वर्षांत वापरलेल्या समाजमाध्यम खात्यांची नावे विचारली जाऊ लागली. पासवर्ड मात्र मागितला जात नाही. या नियमाला डिसेंबर २०१९ मध्ये दोन माहितीपट-संस्थांनी अमेरिकी न्यायालयात आव्हान दिले.

२७ मे २०२५ रोजी परराष्ट्रमंत्री मार्को रुबियो यांच्या आदेशाने विद्यार्थी व्हिसाच्या नव्या मुलाखतींच्या तारखा देणे थांबविण्यात आले. १८ जून रोजी हे काम पुन्हा सुरू करताना एफ, एम व जे या वर्गांतील सर्व अर्जदारांनी आपली खाती सर्वांना पाहता येतील अशी ठेवावीत, अशी सूचना देण्यात आली. १५ डिसेंबर २०२५ पासून नोकरदारांच्या एच-१बी व त्यांच्या कुटुंबीयांच्या एच-४ व्हिसालाही ती लागू झाली.

महाराष्ट्रातील विद्यार्थी

२०२४-२५ या वर्षी अमेरिकेत ३,६३,०१९ भारतीय विद्यार्थी होते. ही संख्या इतर कोणत्याही देशाच्या विद्यार्थ्यांपेक्षा अधिक होती. महाराष्ट्र हा मुंबईतील अमेरिकी वाणिज्य दूतावासाच्या कार्यक्षेत्रात येतो. कुर्डुवाडीसारख्या ठिकाणच्या विद्यार्थ्याला मुलाखतीसाठी रेल्वेने सुमारे पावणेचारशे किलोमीटरचा प्रवास करून वांद्रे-कुर्ला संकुल गाठावे लागते. मे-जून हा ऑगस्टमध्ये सुरू होणाऱ्या सत्रासाठी मुलाखतींचा ऐन हंगाम असल्याने २०२५ मधील तीन आठवड्यांचा खंड विशेष जाचक ठरला. शैक्षणिक कर्ज मंजूर झालेले आणि महाविद्यालयात प्रवेश मिळालेला, तरी मुलाखतीची तारीख नाही, अशी अवस्था अशा खंडामुळे ओढवते.

भारतातील अमेरिकी दूतावासाने जून २०२५ मध्ये स्पष्ट केले की खात्यांची माहिती वगळल्यास व्हिसा नाकारला जाऊ शकतो आणि पुढील व्हिसासाठीही अर्जदार अपात्र ठरू शकतो. त्यामुळे शाळकरी वयात उघडून विसरलेले, पण पाच वर्षांच्या मुदतीत वापरलेले खातेही आठवून नोंदवावे लागते. पालकांनी मुलांसोबत बसून हे काम अर्ज भरण्यापूर्वीच उरकावे, हे बरे. अधिक तपासणीची गरज वाटल्यास अधिकारी कलम २२१(ग) अन्वये अर्ज प्रलंबित ठेवतात. अशा वेळी मुलाखत होऊनही निर्णय लांबतो.

आक्षेप

छाननीच्या भीतीने विद्यार्थी राजकीय व सामाजिक विषयांवर लिहिणे टाळतात, हा मुख्य आक्षेप आहे. भाषेची अडचणही लहान नाही. मराठीतील उपरोध, ग्रामीण थट्टा किंवा निवडणुकीच्या धामधुमीतील घोषणा भाषांतरात आपला सूर गमावतात आणि गमतीने लिहिलेले वाक्य धमकीसारखे वाचले जाऊ शकते. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. तथापि हा निर्णय परकीय दूतावासाच्या व्हिसाविषयक अधिकारांना लागू होत नाही. व्हिसा हा हक्क नसून सवलत आहे, अशी अमेरिकी परराष्ट्र खात्याची भूमिका आहे.